शनिवारची तपासणी

दामिनीला दिवस गेलेत हे क्लासमध्ये कुणाला कळलं नाही. तिनंच कळू दिलं नाही. सैल कुर्ते शिवून घेतले, ओढणी पुढून पसरून घ्यायची सवय लावली, आणि उलटीची उबळ आली की फळ्याकडं तोंड करून आकृती काढत राहायची. लातूरच्या त्या क्लासमध्ये ती जीवशास्त्र शिकवायची. मुलं तिच्यावर खूश होती, निकाल चांगला लागत होता. पण पुनम मॅडमचं काय झालं ते तिनं जवळून पाहिलं होतं.

पुनम मॅडम फिजिक्स शिकवायच्या. त्यांनी मोकळ्या मनानं शेषेराव सरांना गोड बातमी दिली. क्लास सरांचा. सरांनी पेढे मागवले, काळजी घ्या म्हणाले, आराम करा म्हणाले. दिवाळीनंतरच्या वेळापत्रकात पुनम मॅडमचं नाव नव्हतं. बाळ चार महिन्यांचं झाल्यावर त्या भेटायला आल्या तेव्हा त्यांच्या जागी कोट्याहून आलेले एक सर शिकवत होते. शेषेराव सर तेव्हाही गोडच बोलले, पुढच्या बॅचला नक्की बघू म्हणाले. नेमणूक कागदावर नव्हतीच, त्यामुळं काढून टाकण्याचाही प्रश्न आला नाही.

तरी सातव्या महिन्यात सांगून टाकायचं, असं दामिनीचं आणि तिच्या नवऱ्याचं ठरलं होतं. उमाशंकर एमआयडीसीतल्या डाळमिलमध्ये सॉर्टेक्सवर होता. डाळीतला काळा, डागी दाणा वेगळा करणारी ती मशीन त्याच्याइतकी कुणाच्या हाताला बसलेली नव्हती. दामिनी घरी बसली असती तरी दोघांचं भागलं असतं. पण संक्रांतीनंतर मिलमालक भावाभावांत फाटलं, वाटणीचा वाद कोर्टात गेला आणि ऐन तुरीच्या हंगामात मिलला कुलूप लागलं. उमाशंकर सात वर्षं तिथं राबला, पण नाव ठेकेदाराच्या माणसांत. फंड नाही, भरपाई नाही. कुलूप लागलं त्या दिवशी तो डबा तसाच परत घेऊन घरी आला.

संध्याकाळी चहा पिताना तो एवढंच म्हणाला, "मग तू क्लासात सांगू नको अजून."

ती "बरं" म्हणाली. तिनं ते दुपारीच ठरवलं होतं.

उमाशंकर महिनाभर लातूर, उदगीर, अहमदपूर अशा मिली फिरला. शेवटी नांदेडला एका मिलमध्ये काम लागलं, तेही ट्रायलवर. हंगाम संपेपर्यंत काम बघू, मग ठेवायचं का ते ठरवू, असं मालकानं सांगितलं. तो नांदेडला दोन कामगारांबरोबर खोली करून राहिला. सोमवारी मिल बंद, त्यामुळं रविवारी रात्रीची एसटी धरून लातूरला यायचा आणि सोमवारी संध्याकाळी परत जायचा. दामिनीच्या सोबतीला म्हणून त्याची आई, गौरम्मा, निलंग्याजवळच्या गावाहून औसा रस्त्यावरच्या त्यांच्या पत्र्याच्या खोलीत राहायला आली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण दामिनीची आई वारली होती आणि वडील अमृतराव अहमदपूरला भावाच्या घरात स्वतःच पाहुण्यासारखे राहत होते.

मार्चमध्ये प्रवेश परीक्षेचा क्रॅश कोर्स सुरू झाला. एकामागून एक तास. फळ्यासमोर उभं राहून बोलायचं, आणि मधल्या वेळेत मुलं शंका घेऊन भोवती गोळा व्हायची. दामिनीचे पाय सुजू लागले. चपलेचा पट्टा लागेना. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब वाढल्याचं सांगितलं, गोळ्या दिल्या, आडवं पडून राहा म्हणाल्या, दर आठवड्याला दाखवायला बजावलं. यातलं काहीच तिला नवीन नव्हतं. त्याच महिन्यात ती मानवी प्रजननाचा धडा शिकवत होती. वार म्हणजे काय, आईच्या रक्तातून बाळाला अन्न आणि प्राणवायू कसा जातो, हे ती खडूनं रंगवून दाखवायची आणि मुलं वहीत उतरवून घ्यायची. तिनं गोळ्या घेतल्या. आडवं पडणं जमलं नाही. आठवड्याची तपासणी परीक्षेनंतरवर गेली. परीक्षा उरकली की सांगायचं, मग झोपूनच राहायचं, असं ती रोज स्वतःला समजावायची.

तेवढा वेळ मिळाला नाही. एप्रिलच्या सुरुवातीला, तास चालू असताना, तिला फळ्यावरची अक्षरं हलताना दिसली. मग डोळ्यांपुढं काजवे चमकले आणि बरगड्यांखाली कुणी मूठ आवळावी तसं दुखू लागलं. तिनं टेबलाला धरून तास पूर्ण केला. शिक्षकांच्या खोलीत येऊन बसली तेव्हा तिचा चेहरा सुजून ओळखू येत नव्हता. क्लास झाडायला येणारी धुरपताबाई पाणी घेऊन आली. ओढणी सरकलेली होती. बाईनं पोटाकडं पाहिलं, काही न विचारता खाली जाऊन रिक्षा बोलावली आणि शेजारी बसून तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली.

तिथं रक्तदाब बघून सगळ्यांचीच धावपळ झाली. आई वाचवायची तर बाळ आत्ताच काढावं लागेल, असं डॉक्टरांनी गौरम्माला सांगितलं. गौरम्मानं अंगठा उठवला. बाळ दोन महिने लवकर आलं. मुलगा होता, वजन सव्वा किलो. रडला, पण मांजराच्या पिलासारखा. त्याला लगेच काचेच्या पेटीत ठेवलं आणि नाकाला प्राणवायूची नळी लावली.

उमाशंकर नांदेडहून पोचला तेव्हा दामिनी शुद्धीवर होती. तो आधी तिच्याजवळ आला, मग बाळाला बघायला गेला. बाळाचं मनगट त्याच्या करंगळीपेक्षा बारीक होतं. गौरम्मा विभूतीची डबी घेऊन दाराशी उभी होती. नातवाच्या कपाळाला विभूती लावायची, गळ्यात लिंग बांधायचं, हे पहिल्या दिवशीच व्हायला पाहिजे असं तिचं म्हणणं. सिस्टरनं समजावून सांगितलं की आत काहीही नेता येत नाही. मग गौरम्मानं काचेला बोट टेकवलं आणि डबी कनवटीला खोवली.

दुसऱ्या दिवशी उमाशंकर परत गेला. मालकानं दोन दिवस दिले होते आणि ते संपले होते.

पुढचा दीड महिना दामिनी दवाखान्यातच होती. टाके ओढत असताना दूध काढायचं, वाटीतून सिस्टरकडं द्यायचं, दिवसातून काही वेळ बाळाला उघड्या छातीशी धरून बसायचं. बाळाला कावीळ झाली, ती उतरली. एकदा श्वास घ्यायचं विसरलं, सिस्टरनं तळपायाला टिचक्या मारून जागं केलं. वजन ग्रॅमग्रॅमनं वाढत होतं. तिथल्या बाळंतिणी एकमेकींना सकाळी वजनच विचारायच्या.

शेषेराव सरांचा फोन आला तो याच काळात. ते रागावले नाहीत. मॅडम, एवढं लपवायचं कशाला, आम्ही काय परके आहोत का, असं म्हणाले. परीक्षा छान गेल्याचं सांगितलं. मग म्हणाले की जूनची बॅच मोठी आहे, दोन तुकड्या कराव्या लागतील, कोट्याच्या एका सरांशी बोलणं चाललंय, पण आपला पहिला विचार तुमचाच आहे. मेअखेरच्या, पालकांसमोरच्या डेमो लेक्चरला तुम्ही असाल तर पुढचं बघायला नको. दामिनीनं फोन ठेवला. सरांचं बोलणं गोड होतं आणि त्याचा अर्थ तिला नीट कळला होता.

दवाखान्यातून सुट्टी मिळायच्या आदल्या दिवशी डोळ्यांचे डॉक्टर आले. इतक्या लवकर जन्मलेल्या, प्राणवायूवर राहिलेल्या बाळांचे डोळे बघावेच लागतात, असं त्यांनी सांगितलं. बाळाच्या डोळ्यांत थेंब टाकून त्यांनी बराच वेळ तपासलं. आतल्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या अजून कडेपर्यंत पोचलेल्या नाहीत. आत्ता घाबरण्यासारखं काही नाही. पण हे भराभर बिघडू शकतं, वरून काही कळत नाही. येत्या शनिवारी दाखवा, आणि मी थांबा म्हणेपर्यंत दर शनिवारी दाखवत राहा. दामिनीनं मान डोलावली. बाहेर आल्यावर तिनं गौरम्माला सांगितलं की डोळे चांगले आहेत, शनिवारी परत दाखवायचंय.

डेमो त्याच शनिवारी निघालं.

तिनं उमाशंकरला फोन लावला. मागं मिलचा खडखडाट होता, तो मोठ्यानं बोलत होता.

"शनिवारी डोळे दाखवायचेत. तुम्हाला येता येईल का?"

तो म्हणाला, "शनिवारी माल चढतो. सोमवारशिवाय जमत न्हाई. आत्ता सुट्टी मागितली तर दुसरा माणूस तयारच हाय त्यांच्याकडं."

"मग मी नेते. डेमो राहू द्या."

त्यानं विचारलं, "डाक्टर काय म्हणाले? घाबरण्यासारखं न्हाई म्हणाले ना?"

"आत्ता नाही म्हणाले."

"मग एक आठवडा हिकडं तिकडं झाला तर काय व्हतंय? पुढल्या शनिवारी ने."

गौरम्मा मी एकटी नेते म्हणाली. पण बाहेर अंग भाजणारं ऊन होतं, बाळ दोन किलोचंही नव्हतं, आणि त्या मोठ्या दवाखान्यात ही बाई कुठल्या रांगेत उभी राहील, डॉक्टरांना काय सांगेल, याची दामिनीला धास्ती वाटली. एका आठवड्याचाच तर प्रश्न आहे. तिनं डेमो दिलं. पोटाचे टाके ओढत होते, छाती दुधानं भरून आली होती, तरी उभं राहून तासभर बोलली. पालकांनी टाळ्या वाजवल्या. दोन्ही तुकड्या तिला मिळाल्या.

पुढच्या शनिवारी तिला तास होते. गौरम्माच बाळाला गुंडाळून रिक्षानं गेली, तर डोळ्यांचे डॉक्टर रजेवर. पुढच्या शनिवारी या, असं तिथल्या बाईनं सांगितलं. त्या आठवड्यात पत्र्याच्या खोलीत बाळाच्या अंगावर घामोळं उठलं, दूध पिईना झालं. दामिनी सकाळी जायची ती संध्याकाळी यायची, दूध आटत चाललं होतं. गौरम्मा म्हणाली की गावाकडं मातीचं घर हाय, गार हाय, दारात गाय हाय, मी लेकराला घेऊन जाते. डॉक्टरांनी गाईचं दूध नको म्हणून सांगितलेलं, म्हणून दामिनीनं डब्याचं दूध बांधून दिलं आणि दोघांना निलंग्याच्या एसटीत बसवून दिलं. डोळ्यांचं तिच्या डोक्यात होतं. तिनं उमाशंकरला आठवणही करून दिली. तो म्हणाला की हंगाम संपला की मालक कायम करायचं बघतो म्हणालाय, एकदा ते झालं की हक्कानं सुट्टी घेतो, दोघं मिळून नेऊ. गावात बाळाचं नाव ठेवलं, शिवांश. गळ्यात लिंग बांधलं. फोनवर फोटो आला, त्यात बाळाचे टपोरे काळे डोळे उघडे होते. दामिनीनं तो फोटो वर्गात जाण्याआधी दहा वेळा पाहिला.

जुलै गेला. पंधरा ऑगस्टच्या सुट्टीला ती गावाला गेली. शिवांशनं चांगलं बाळसं धरलं होतं. तिनं उचलून घेतलं, तोंडानं आवाज काढले, तो हसला. दिवसभर ती त्याच्याशी खेळली. संध्याकाळी एसटीची वेळ झाली तेव्हा गौरम्मा तिला गोठ्याकडं घेऊन गेली.

"दामिनी, लेकरू माझ्याकडं बघत न्हाई."

"म्हणजे?"

"आवाज केला की वळतंय. गप बसलं की न्हाई वळत. मी दिवा फिरवून बघितला. लई दिवस झाले, मी कुणाला बोलले न्हाई. उगाच माझ्या तोंडानं कशाला म्हणावं."

दामिनी घरात गेली. शिवांश पाळण्यात जागा होता. ती आवाज न करता त्याच्यावर वाकली. त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर तिचा चेहरा होता. ती हसली, भुवया उडवल्या, मान हलवली. तो वर पाहत होता, तिच्या कानाच्या पलीकडं, आढ्याला टांगलेल्या शिंक्याच्याही पलीकडं. मग तिच्या तोंडून आवाज फुटला तेव्हा तो तिच्याकडं वळला आणि गोड हसला.

ती त्या दिवशी लातूरला गेली नाही. बाळाला घेऊन तिनं थेट नांदेड गाठलं.

सकाळी दोघं एका मोठ्या नेत्रालयात बसली होती. उमाशंकरनं मिलमध्ये कुणाला विचारलं नव्हतं, सरळ निघून आला होता. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई वयानं दामिनीएवढ्याच होत्या. त्यांनी एक डोळा पाहिला, दुसरा पाहिला, मशीनवर फोटो काढले, मग परत पहिला पाहिला. शेवटी त्यांनी खुर्ची पुढं ओढली. दोन्ही डोळ्यांतला पडदा सुटलाय, असं त्या म्हणाल्या. उजवा पूर्ण गेला आहे. डाव्याची हैदराबादला शस्त्रक्रिया करता येईल, पण त्यातून झालाच उपयोग तर उजेड आणि अंधार कळण्यापुरता.

"जन्मानंतर तपासणी झाली होती का?"

"एकदा झाली होती," दामिनी म्हणाली. "शनिवारी बोलावलं होतं. मी नेलं नाही."

"मी नको म्हणालो," उमाशंकर म्हणाला. "ती न्यायला निघाली होती. एक आठवडा हिकडं तिकडं झाला तर काय व्हतंय, असं मीच म्हणालो."

"मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. यांना फोनवर काय कळणार? मी शिकलेली आहे."

डॉक्टरीणबाईंनी दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं असं दामिनीला वाटलं. त्या हळूच म्हणाल्या की अशी बाळं आमच्याकडं येतात. वेळेत आली तर लेसरनं हे थांबवता येतं.

निघताना दामिनीनं विचारलं, बाळ लवकर आलं ते मी उभी राहत होते म्हणून का? ताणानं का? तसं छातीठोकपणे कुणाला सांगता येत नाही, असं त्या म्हणाल्या. कितीतरी कारणं असतात. घरी बसलेल्या बाईलाही होतं. दामिनीनं ते ऐकून घेतलं. लवकर येणं तिच्या हातात नसेलही. शनिवार मात्र होता.

बाहेर पायऱ्यांवर उमाशंकर बाळाला छातीशी धरून रडला. येणारेजाणारे वळून बघत होते, त्याला भान नव्हतं. दामिनीला रडू आलं नाही. ती त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली आणि मध्येच तिच्या मनात आलं की आज पहिला तास तिचा होता, आणि आपल्याला असं काही सुचावं याची तिला स्वतःचीच किळस आली.

हैदराबादला महिना गेला. डाव्या डोळ्यावर दोनदा शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या वेळी पट्टी काढल्यावर डॉक्टरांनी बॅटरी लावली तेव्हा शिवांशनं मान वळवली. एवढंच हाती लागलं. त्या महिन्यात शेषेराव सरांनी दोनदा चौकशीचा फोन केला. दुसऱ्या फोनला त्यांनी सांगितलं की मुलांचं नुकसान नको म्हणून कोट्याच्या सरांना दोन्ही तुकड्या दिल्या आहेत, मॅडम, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, बाळाकडं बघा. दामिनी हो म्हणाली. तिला खरोखरच काही लागलं नाही. जी जागा राखायला म्हणून तिनं सगळं केलं, ती जाताना तिला साधा चटकाही बसला नाही, आणि याचंच तिला भय वाटलं.

उमाशंकरचं मिलमधलं काम मात्र टिकलं. न विचारता निघून गेला म्हणून मालक तापला होता. पण त्याच्यामागं मशीन कुणाला जमेना, डाळीत डागी दाणा जाऊ लागला, व्यापाऱ्यांनी माल परत पाठवला. दिवाळीच्या पूजेनंतर मालकानं त्याला बोलावून कायम करतो म्हणून सांगितलं. फंड कापला जाईल, दवाखान्याचं कार्ड मिळेल, वर्षाच्या भरपगारी रजा मिळतील. बाकीच्यांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या.

तोवर दामिनी आणि बाळ नांदेडला आली होती, गौरम्माही होती. उमाशंकर घरी आला, हातपाय धुतले आणि भिंतीला टेकून बसला. दामिनी शिवांशला पेज भरवत होती. चमचा ओठाला लावण्याआधी ती दर वेळी "आ" म्हणायची, म्हणजे त्याला कळायचं.

"कायम केलं," तो म्हणाला.

गौरम्मा चुलीपासून उठली, देवासमोर गेली, हात जोडले आणि तशीच तिथं बसून राहिली. साखर आणायचं कुणालाच सुचलं नाही.

दामिनीनं विचारलं, "सुट्टी मिळते का आता?"

"मिळती."

"शनिवारी?"

त्यानं मान खाली घातली. "हाव. कधीबी."

तिनं ते त्याला टोचायला विचारलं नव्हतं. हैदराबादच्या दवाखान्यात तिला लातूरच्या एका बाईंचा पत्ता मिळाला होता. दृष्टी नसलेल्या लहान मुलांना हातानं, कानानं जग कसं ओळखू द्यायचं हे त्या आईबापांना शिकवायच्या. मूल वर्षाचं व्हायच्या आत सुरू केलं तर फार फरक पडतो, असं तिथं सांगितलं होतं. त्या बाई शनिवारीच भेटायच्या. दामिनीनं हे सगळं त्याला समजावून सांगितलं, तास घेतल्यासारखं, एकेक मुद्दा सुटा करून.

आयुष्यातली पहिली भरपगारी रजा उमाशंकरनं त्या शनिवारी घेतली. पहाटेच्या एसटीत खिडकीशी दामिनी बसली, मांडीवर शिवांश. अहमदपूरच्या पुढं ऊन वर आलं आणि खिडकीतून आत पडलं. शिवांशनं मान वळवून डावा डोळा उजेडाकडं केला आणि किती तरी वेळ तसाच धरून ठेवला. उमाशंकर पडदा ओढायला उठला होता. दामिनीनं त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.